थेंब थांबला. पण का?

तुमच्या घरी कधी जुनी स्कूटर असेल तर हा सीन तुम्ही नक्की पाहिलेला असणार. सकाळी स्कूटरखाली फरशीवर ओला डाग. पेट्रोलचा वास. बाबा उकिडवे बसून कॉकपाशी बोट फिरवतात, बोट नाकाशी नेतात आणि आतून साबणाची वडी मागवतात. साबण चोळून चोळून भरला की गळती थांबते. बाबा हात पुसतात, किक मारतात आणि ऑफिसला जातात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे हा उपाय चालतोही. आमच्या स्कूटरच्या कॉकवर तो साबण दोन वर्षं होता. कॉक का गळतोय, हे त्या दोन वर्षांत घरात कुणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे मे महिन्यात मी एका फ्लाइंग स्कूलमध्ये दोन दिवस होते. महाराष्ट्रातलंच आहे, नाव देत नाही. 'पायलट व्हायचंय?' असा एक छान, गुळगुळीत लेख लिहायचं ठरलं होतं. गॉगल, युनिफॉर्मवरच्या पट्ट्या, सूर्योदयाला धावपट्टी, वगैरे. फोटोग्राफरला तसं सांगूनही ठेवलं होतं. तो लेख झालाच नाही. पहिल्याच सकाळी एका विमानाच्या पंखाखाली पेट्रोलचा एक थेंब लोंबकळत होता आणि पुढचा दीड दिवस मी त्या थेंबाच्या मागे होते.

आधी विमान कुठलं ते सांगते. सेस्ना १७२. चार सीट, पुढे एकच पंखा, पंख डोक्यावर. १९५६ पासून हे मॉडेल बनतंय, आतापर्यंत ४४ हजारांवर विमानं बनली आहेत, आणि जगात इतक्या संख्येनं दुसरं कुठलंही विमान बनलेलं नाही. अमेरिकेत लोक ते स्वतःच्या मालकीचं ठेवतात, आपण गाडी ठेवतो तसं. आपल्याकडे ते मुख्यतः फ्लाइंग क्लब आणि ट्रेनिंग स्कूलमध्ये दिसतं. कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी २०० तास उडावं लागतं, त्यातले बरेचसे तास अशाच एखाद्या छोट्या विमानात जातात.

याच्या टाक्या पंखांतच असतात. पेट्रोल आपल्या पंपावरचं नाही, एव्हीगॅस. ते मुद्दाम निळं रंगवलेलं असतं, म्हणजे दुसरं काही चुकून भरलं गेलं तर डोळ्यांना कळावं. टाकीच्या तळाला छोटे ड्रेन व्हॉल्व्ह असतात. या मॉडेलच्या नव्या विमानांत ते एकूण १३ आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. उड्डाणाआधी पायलट प्लास्टिकचा एक पारदर्शक कप घेऊन फिरतो. कपाच्या मधोमध एक दांडी असते. ती व्हॉल्व्हमध्ये वर दाबली की थोडं पेट्रोल कपात येतं, सोडली की आतली स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे टाकीत पाणी शिरलं असेल तर ते तळाशी बसतं आणि सगळ्यात आधी कपात येतं. कचराही तसाच. म्हणजे हे तेरा व्हॉल्व्ह म्हणजे विमानाची रोजची ब्लड टेस्ट समजा.

त्या सकाळी ही टेस्ट करत होती एक सोलापूरची मुलगी. तिचं नाव देत नाही, कारण पुढे कळेल. वय माझ्याएवढंच, बावीस. खात्यावर १४३ तास. सहा वाजता तिची सॉर्टी होती. मे महिन्यात सकाळचाच स्लॉट सगळ्यांना हवा असतो, कारण दहानंतर धावपट्टीवरची हवा अशी तापते की विमान सरळ ठेवता ठेवता नाकी नऊ येतात. डाव्या पंखाखालचा एक व्हॉल्व्ह तिनं दाबला, सोडला, पुढच्याकडे गेली. वळून पाहिलं तर मागच्या व्हॉल्व्हच्या टोकाला निळा थेंब. पडला. दुसरा तयार झाला.

तिनं इन्स्ट्रक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "कचरा अडकला असेल. दोन-चारदा पटापट दाबून सोड."

हा सल्ला चुकीचा नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही इन्स्ट्रक्टरांना व्हिलन कराल. या व्हॉल्व्हच्या आत रबराची बारीक रिंग असते, ओ-रिंग. स्प्रिंग तिला धातूच्या बैठकीवर दाबून धरते. रिंग आणि बैठक यांच्यामध्ये वाळूचा एक कण जरी आला तरी फट राहते आणि थेंब गळतो. व्हॉल्व्ह पटापट उघडझाप केला की पेट्रोलच्या धारेबरोबर कण वाहून जातो. बहुतेक वेळा एवढंच असतं.

तिनं चार वेळा दाबला. थेंब थांबला. पुसून पाच मिनिटं वाट पाहिली. कोरडं.

आता तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं? घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं. मागे अजून तिघं रांगेत. एका तासाच्या उड्डाणाला माझी अख्ख्या सेमिस्टरची फी जाते. गळती थांबली आहे. मी असते तर बसले असते विमानात. खरं सांगते.

ती कपाकडे बघत होती. तळाला एक काळा ठिपका होता, खसखशीच्या दाण्याएवढा. "सर, हे काय आहे?" एवढंच तिनं विचारलं. इन्स्ट्रक्टरांनी कप उजेडात धरला, तोंड वाकडं केलं आणि इंजिनियरना बोलावलं.

विमानाच्या इंजिनियरला एएमई म्हणतात, एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनियर. आपल्याकडे त्याला डीजीसीएचं लायसन्स लागतं आणि दुरुस्तीनंतर त्याची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही. अमेरिकेत विमानाचा मालक स्वतः पायलट असेल तर टायर बदलणं, ऑइल बदलणं अशी काही ठरावीक कामं तो स्वतः करू शकतो. आपल्याकडे स्टुडंट पायलटनं पान्याला हात लावायचा नाही. इथले एएमई पन्नाशी ओलांडलेले, सगळे त्यांना नुसतंच सर म्हणतात. ते आले, व्हॉल्व्हकडे पाहिलं.

"थांबली आता, सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"थांबली हे मलाही दिसतंय. का थांबली, ते सांगा."

कुणी बोललं नाही. त्यांनी मुलीला विचारलं, लॉगमध्ये लिहिलंस का? तिनं लिहिलं. टेक लॉगमध्ये दोष नोंदवला गेला की एएमईच्या सहीपर्यंत विमान जमिनीवर. म्हणजे सहाची सॉर्टी गेली, साडेसातची गेली आणि त्या विमानावरच्या सगळ्यांचाच दिवस गेला. रांगेतल्या एका मुलानं तिच्याकडे असं पाहिलं की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

आता पुढचा भाग जरा सावकाश सांगते, कारण मला तोच सगळ्यात आवडला.

सरांनी पहिल्यांदा काहीच उघडलं नाही. त्यांनी पंखाची खालची बाजू पुसून कोरडी केली आणि टॉर्च घेऊन बघत बसले. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, "थेंब जिथं पडतो तिथूनच गळतं असं नसतं. पेट्रोल पंखाच्या पत्र्याला धरून फूटभर चालत येतं आणि मग पडतं." कुठल्या तरी रिव्हेटपाशी टाकीचं सील सुटलेलं असेल आणि पेट्रोल ओघळत व्हॉल्व्हपर्यंत आलेलं असेल, तर व्हॉल्व्ह बदलून काही उपयोग नाही. एव्हीगॅस उडून जातं पण निळा रंग मागे राहतो, त्यामुळे जुनी गळती पत्र्यावर डागाच्या रूपानं वाचता येते. सेस्नाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या गळतीचे चक्क चार प्रकार केलेत: नुसता डाग, पाझर, जोराचा पाझर आणि वाहती गळती. आणखी एक फसवी शक्यता म्हणजे व्हेंट. टाकी काठोकाठ भरून विमान उन्हात उभं केलं की पेट्रोल फुगतं आणि हवेच्या नळीतून टपकतं. त्यात दोष काहीच नसतो, पण नवखा माणूस घाबरतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तर हे ठरलेलंच.

रिव्हेट स्वच्छ होते. व्हेंट कोरडा होता, शिवाय टाकी अर्धीच भरलेली. मग त्यांनी टिश्यू पेपरची सुरळी व्हॉल्व्हच्या बुडाशी गुंडाळली, जिथं तो पंखात आटे पाडून बसवलेला असतो. तीही कोरडी. म्हणजे आट्यांतून गळत नव्हतं. राहिला व्हॉल्व्हचा मध्य, म्हणजे ओ-रिंग.

एव्हाना माझा उत्साह वाढला होता. मी म्हटलं, "मग ओ-रिंग बदलायची!" सर हसले. "आणि तो काळा ठिपका?"

त्यांनी ठिपका पांढऱ्या कागदावर घेतला. वाळूचा कण नखाखाली करकरतो, रंगाची खपली चपटी तुटते. हा दाबल्यावर दबला, सोडल्यावर फुगला आणि कागदावर काळी रेघ उमटली. रबर. मग मात्र ओ-रिंगचाच तुकडा असणार, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. उन्हानं आणि वयानं रबर कडक होतं, आकसतं, त्याच्या कडा तुटतात. गोष्ट संपली.

विमान शेडबाहेर मोकळ्यावर घेतलं. अर्थिंगची वायर जोडली, अग्निशामक जवळ ठेवला, माझा फोन काढून घेतला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, आणि स्थिर विजेची एक ठिणगी तिला पुरते. टाकी रिकामी केली. व्हॉल्व्ह काढला. सरांनी ओ-रिंग टोकदार काडीवर अलगद उचलून भिंगाखाली धरली आणि माझ्याकडे दिली. "बघ. तुकडा कुठून गेलाय?"

कुठूनच गेला नव्हता. रिंग पूर्ण गोल होती. एका जागी किंचित खळगा होता, जिथं काहीतरी दाबलं गेलं होतं. म्हणजे तो काळा कण रिंगचा नव्हताच. तो वरून आला होता आणि रिंगवर येऊन बसला होता. थेंब त्याच्यामुळे गळत होता आणि चार वेळा दाबल्यावर तो कपात आला म्हणून थांबला होता. 'कचरा अडकला असेल' हे इन्स्ट्रक्टरांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. फक्त तो कचरा आला कुठून, हा प्रश्न उरला.

टाकीत व्हॉल्व्हच्या वर रबर असं कुठे असतं? सरांनी शिडी लावली, पंखावर गेले आणि पेट्रोल भरायचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या रबराला तडे गेले होते. एका बाजूला बोट फिरवलं की काळी भुकटी हाताला येत होती.

हे झाकण रोज उघडलं जातं. प्रत्येक उड्डाणाआधी पायलट वर चढतो, झाकण काढतो आणि काडी बुडवून पेट्रोल मोजतो. दिवसातून पाच-सहा वेळा कुणीतरी ते हातात धरतं. सगळे टाकीत बघतात. झाकणाकडे कुणी बघत नाही. ती मुलगी मला म्हणाली, "मी पण काल दोनदा उघडलं होतं."

आता फक्त तारखेकडे बघा. मे संपत आलेला. दोन आठवड्यांत पाऊस. पंखाच्या वरच्या बाजूला असलेलं झाकण, त्याचं सील फाटलेलं. विमान उघड्यावर उभं. पाणी टाकीत शिरणार, तळाला बसणार. थोडं कपात येईल आणि कळेल. पण सगळं निघालं नाही, घाईत कुणी एक व्हॉल्व्ह विसरलं, तर ते पाणी टेकऑफला विमानाचं नाक वर झालं की सरकून इंजिनाकडे जायला मोकळं. इंजिन पाण्यावर चालत नाही. आणि ते बंद पडायला टेकऑफइतकी वाईट वेळ दुसरी नाही, कारण खाली उंची नाही आणि हातात वेळ नाही.

बरं, गळणाऱ्या पेट्रोलचा हिशेबही मी केला होता. पाण्याचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर, पेट्रोलचे त्याहून लहान. दर दहा सेकंदाला एक थेंब धरला तरी रात्रभरात पाव लिटर जात नाही. या विमानात दोनशे लिटरच्या वर पेट्रोल मावतं. नुसतं नुकसान बघायचं तर लक्ष द्यायचीही गरज नाही. साबणवाल्या बाबांचं गणित हेच असतं आणि गणित म्हणून ते बरोबर आहे. पण थेंबाबरोबर एक बातमी आली होती. ती पुसून टाकली असती तर पंखावरचं झाकण कुणी उघडून पाहिलं नसतं.

आता जरा मोठं उदाहरण. चॅलेंजर स्पेस शटल तुम्हाला माहीत असेल. २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत ते फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. कारण निघालं बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली ओ-रिंग. त्या दिवशी थंडी होती, रबर कडक झालं आणि सांधा बंद राहिला नाही. चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून ते सगळ्यांसमोर दाखवलं, तो व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त खटकते. या ओ-रिंग जळल्याच्या, झिजल्याच्या खुणा आधीच्या उड्डाणांनंतर सापडल्या होत्या, अगदी १९८१ पासून. प्रत्येक वेळी शटल सुखरूप परत आलं. त्यामुळे हळूहळू 'झिजली होती, पण टिकली' याचा अर्थ 'एवढं झिजलेलं चालतं' असा व्हायला लागला. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनियरांनी उड्डाण नको म्हणून सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. डायन वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी यावर पुस्तक लिहिलं आणि या सवयीला 'नॉर्मलायझेशन ऑफ डेव्हिअन्स' असं नाव दिलं. आपल्या भाषेत, चालतंय की.

तुम्ही म्हणाल, कुठे स्पेस शटल, कुठे ट्रेनिंगचं विमान आणि कुठे आम्ही. पण लॅबमध्ये रीडिंग जुळत नाही तेव्हा आपण काय करतो? शेजारच्याचं बघून 'अॅडजस्ट' करतो. प्रॅक्टिकल संपतं, जर्नलवर सही होते. रीडिंग का जुळत नव्हतं? बहुधा मीटरची वायर सैल होती आणि पुढच्या बॅचलाही ती सैलच मिळणार. हॉस्टेलच्या लिफ्टचा आवाज येतो, दोन दिवसांनी थांबतो, आपण वॉर्डनला सांगायचं सोडून देतो. प्रोजेक्टचा कोड तीनदा रन केला, चौथ्यांदा चालला, सबमिट! चौथ्यांदा का चालला, हे विचारणारा ग्रुपमधला एखादा जण असतो आणि तो आपल्याला नकोसा होतो. मी अशी नकोशी झालेली आहे आणि त्याहून जास्त वेळा मी नकोसं करणाऱ्यांत होते.

याची उलट बाजूही आहे. घाबरून सगळंच बदलून टाकायचं, हीसुद्धा न शोधण्याचीच एक पद्धत आहे. मी 'ओ-रिंग बदलायची' म्हटलं ते तेच होतं. समजा सरांनी माझं ऐकून नवी रिंग घातली असती. थेंब बंद, सही झाली, विमान आकाशात. कागदोपत्री दुरुस्ती झाली असती आणि झाकण भुरभुरत राहिलं असतं. आठ दिवसांनी दुसरा कण, दुसरी रिंग. नवा पार्ट टाकलाय म्हटल्यावर तर कुणी शंकाही घेतली नसती.

मला मात्र खरा राग आला तो दुसऱ्या दिवशी. झाकणाचं सील बदललं, उजव्या पंखाचंही तपासलं तर त्यालाही बारीक तडे, तेही बदललं. टाकी धुतली, ड्रेनच्या व्हॉल्व्हला नवी रिंग बसवली, पेट्रोल भरून तासभर टिश्यू धरून बघितलं. बाकीच्या विमानांची झाकणंही उघडून पाहिली. सरांनी सही केली. संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं शेड्यूल बोर्डवर लागलं. त्या मुलीचं नाव सगळ्यात खाली होतं.

मी ऑफिसमध्ये विचारलं. नियम आहे म्हणाले. सॉर्टी कुठल्याही कारणानं रद्द झाली की नाव रांगेच्या शेवटी. सगळ्यांना सारखाच नियम. कुणी झोपून राहिलं तरी तोच आणि कुणी विमानात दोष शोधला तरी तोच.

इथं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मांडायलाच हा लेख लिहितेय. हा नियम समान दिसतो, पण तो गप्प बसणाऱ्याला बक्षीस देतो. विचार करा, पुढच्या वेळी कपात काळा ठिपका दिसला तर त्या रांगेतला मुलगा काय करेल? कप गवतावर ओतेल, पुसेल आणि विमानात बसेल. त्याला वाईट म्हणू नका. त्याच्या घरी कर्ज काढलेलं आहे, पावसाळा येतोय, तास भरायचेत आणि बोललं तर काय होतं हे त्यानं बोर्डवर वाचलंय. भिंतीवर सेफ्टीची दहा पोस्टर्स लावा, मुलं वाचतात तो बोर्डच.

उपाय खर्चिक नाही. ज्या विद्यार्थ्यानं दोष नोंदवला आणि तपासणीत तो खरा निघाला, त्याला विमान परत उडायला लागल्यावर पहिला स्लॉट द्यायचा. दोष निघाला नाही तरी त्याची जागा होती तिथेच ठेवायची, मागे ढकलायची नाही. एवढंच. खोटे दोष नोंदवून कुणी फायदा घेईल, अशी भीती ऑफिसमधल्यांनी बोलून दाखवली. मला पटलं नाही. खोटा दोष नोंदवून मुलाला काय मिळणार, तर त्याच्या त्याच सॉर्टीची उशिरा आलेली जागा. शिवाय तपासायला एएमई सर बसलेत, त्यांना फसवून दाखवाच.

तुमच्यापैकी कितीजण पायलट होणार आहेत मला माहीत नाही. पण आपल्या प्रत्येकाच्या कॉलेजात असा एक बोर्ड असतो. लॅबमध्ये उपकरण बिघडलंय असं सांगणाऱ्याचे मार्क जातात की राहतात? गॅदरिंगच्या स्टेजची फळी हलतेय म्हणणाऱ्याला 'निगेटिव्ह' म्हणतात की थँक्यू म्हणतात? इंटर्नशिपला गेलात तर हेच. आमच्या न्यूजरूममध्ये पान छपाईला जायच्या दहा मिनिटं आधी 'हा आकडा जुळत नाहीये' म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण पान अडवणारी मुलगी अशी ओळख व्हायला नको असते.

एएमई सरांना मी जाताना विचारलं, तुमच्यावर कुणी कधी पेपरात लिहिलंय का? म्हणाले, "आमच्यावर लिहायची वेळ आली म्हणजे काहीतरी पडलेलं असतं." मग म्हणाले, "त्या मुलीवर लिहा." ती नको म्हणाली. नाव आलं तर रांगेतले चिडवतील म्हणाली. म्हणून तिचं नाव इथं नाही.

तिची सॉर्टी नवव्या दिवशी झाली. आदल्या रात्री पहिला पाऊस पडून गेला होता. मी फोन केला तेव्हा ती म्हणाली की तेराही व्हॉल्व्ह दाबून बघितले, कपात नुसतं निळं होतं, आणि वर चढून दोन्ही झाकणांची रबरं बोटानं चाचपली. बोट स्वच्छ राहिलं. स्कूलला मी रांगेच्या नियमाबद्दल ईमेल पाठवलाय. 'विचार करू' असं उत्तर आलंय. हे लिहीपर्यंत नियम तोच आहे.